माणशी किती? मूल सांभाळण्याच्या मोलाचा इतिहास

मोलमजुरीच्या इतिहासाच्या या मालेत आज एक घरगुती प्रश्न घेऊ. घरात मूल सांभाळायला बाई आहेत. दोन-तीन वर्षं झाली, पगार ठरलेला आहे, मुलाला त्यांचा लळा लागलेला आहे. आता घरात दुसरं बाळ आलं. बाईंचा पगार वाढायला हवा का? हवा असेल, तर किती?

हा प्रश्न आपल्याकडे सहसा कुणी मोठ्यानं विचारत नाही. बाई विचारत नाहीत, कारण कालपरवा बारसं झालंय, घर आनंदात आहे, अशा वेळी पैशाचं कसं काढायचं? घरातले विचारत नाहीत, कारण विचारलं की उत्तर द्यावं लागतं. मग चार-सहा महिन्यांनी बाई "गावाला जाते" म्हणून जातात आणि परत येत नाहीत. घरातले म्हणतात, हल्ली बायका टिकतच नाहीत.

आता गंमत पाहा. पुण्यात किंवा मुंबईत कुठल्याही इमारतीत पोळ्यांना नवी बाई आली, की पहिला प्रश्न काय विचारते? "माणसं किती?" भांड्यांना तेच, धुण्याला तेच. दर माणशी. घरात सासूबाई राहायला आल्या, माणूस वाढलं, दर वाढला. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली, तर तेवढ्या महिन्यांपुरते जास्तीचे पैसे ठरतात. थोडी घासाघीस होते, पण माणूस वाढलं म्हणजे काम वाढलं हे तत्त्व कुणी नाकारत नाही. पोळी ही मोजायची वस्तू आहे, ताट ही मोजायची वस्तू आहे. मूल वाढलं, की मात्र ज्या घरात पोळ्यांच्या बाईंचा दर त्याच महिन्यात वाढतो, त्याच घरात मूल सांभाळणाऱ्या बाईंचा पगार होता तिथेच राहतो.

कुणी म्हणेल, मूल सांभाळणं मोजता येत नाही. तसं नाही. पाळणाघर आठवा. नोकरी करणाऱ्या बायकांची संख्या वाढली तशी ठाणे-डोंबिवलीच्या ब्लॉकांतून, पुण्याच्या वाड्यांतून आणि पुढे सोसायट्यांतून घरगुती पाळणाघरं निघाली. आपल्याच घरात चार-सहा मुलं सांभाळणाऱ्या काकू. त्यांचा दर कसा असतो? मुलामागे. दुपट्यातल्या बाळाला जास्त, शाळेतून येऊन दोन तास बसणाऱ्याला कमी. दुसरं भावंडं आणलंत, तर त्याची वेगळी फी. काकू थोडी सूट देतीलही; पण सूट द्यायची तर आधी दुसऱ्या मुलाची फी असते हे दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं.

म्हणजे काम तेच आहे. भरवणं, झोपवणं, शी-शू काढणं, पडू न देणं. मूल बाईच्या घरी गेलं, तर मुलामागे मोजायचं. बाई मुलाच्या घरी आली, तर महिन्याचं ठोक. हा फरक कुठून आला, हे शोधायचं तर थोडं मागे जावं लागतं.

शब्दांपासून सुरुवात करू. मूल सांभाळणारीला आपल्याकडे तीन मोठी नावं आहेत आणि तिन्ही तीन दिशांनी आलेली. 'धात्री' संस्कृत, तिचा मूळ अर्थ दूध पाजणारी. 'दाई' फारसीतून. आणि 'आया' पोर्तुगीजांकडून, गोव्याच्या वाटेनं. राज्यकर्ते बदलले तशी नावं बदलली. या तिघींना मोबदला काय मिळत असे, हे पाहिलं तर एक गोष्ट सारखी दिसते: त्यांना बहुधा अन्नवस्त्र मिळे, मान मिळे, कधी इनाम मिळे, पण त्यांच्या कामाचं एकक कुणी ठरवलेलं दिसत नाही.

इतिहासातलं आपल्या सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे धाराऊ. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती ठीक नव्हती, म्हणून कापूरहोळच्या गाडे घराण्यातली धाराऊ दूधआई म्हणून आली. मराठी माणूस हे नाव आदरानं घेतो आणि घ्यावंच. पण आदर हा एक प्रकारचा मोबदला आहे आणि त्याची खासियत अशी, की तो देणाऱ्याच्या मनावर असतो. शेजारी ठेवा पेशवाईतल्या कुणबिणी. या विकत घेतल्या-दिल्या जाणाऱ्या बायका. पेशवे दफ्तरात त्यांच्या नोंदी आहेत. घरातली सगळी कामं, त्यात मुलांचंही आलं, त्यांच्याकडे असत आणि त्यांना मिळे ते पोटाला आणि अंगाला. मालकाच्या घरात किती मुलं जन्मली याच्याशी त्या भाकरीचा काही संबंध नव्हता. एका टोकाला दूधआईचा मान, दुसऱ्या टोकाला कुणबिणीची भाकरी. मधे मजुरी नावाची गोष्ट जवळपास नाहीच.

बलुत्यातही तेच. परटाला, न्हाव्याला धान्याचा वाटा मिळे तो शेताच्या पिकातून. घरात धुण्याचे कपडे किती, डोकी किती, यावर नव्हे. माणशी हा हिशेब गावाचा नाहीच. तो शहराचा, रोख पैशाचा आहे. हे लक्षात ठेवा, कारण आज 'माणशी' म्हटलं की काही लोकांना ते फार कोरडं, हिशेबी वाटतं. आमच्या मते बाईच्या हाती ठोस असं काही पहिल्यांदा आलं, ते या कोरडेपणामुळेच.

मजुरीचा विचार जुन्या ग्रंथांत नव्हता असं मात्र समजू नका. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात दास आणि मजूर यांचे नियम आहेत. तिथे सांगितलंय, की वेतन आधी ठरलं असेल तर ठरल्याप्रमाणे द्यावं, आणि ठरलं नसेल तर काम आणि वेळ पाहून द्यावं. आमच्या मुंबईच्या र. पं. कंगले यांनी या ग्रंथाचं संपादन आणि भाषांतर केलं. त्याच प्रकरणांत, ठरल्यापेक्षा जास्त काम झालं तर ते श्रम फुकट जाऊ देऊ नयेत, अशा आशयाचं सूत्र ते वाचतात. आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं, आम्हाला अशा ठिकाणी थांबायची खोड असते. थांबून पाहिलं, तर आपल्या प्रश्नाची सगळी अडचण तिथे दिसते. दुसरं बाळ येतं तेव्हा वेतन ठरलेलं आहे की ठरलेलं नाही? घरातले म्हणतात, ठरलेलं आहे: महिन्याला इतके. बाई मनात म्हणतात, ते एका मुलाचं ठरलं होतं, या मुलाचं काही ठरलेलंच नाही. दोघंही खोटं बोलत नाहीत. फक्त करारात मोजमाप कशाचं होतं, तासांचं की मुलांचं, हे कुणी उच्चारलेलं नव्हतं.

इंग्रजांच्या काळात 'आया' ही संस्था पक्की झाली. मुंबईत या कामात गोव्याकडच्या ख्रिस्ती बायकाही असत. साहेबाच्या घरात नोकरांची यादी, त्यांची कामं आणि त्यांचे पगार लिहून ठेवायची पद्धत होती. फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोन मेमसाहेबांनी १८८८ साली गृहव्यवस्थेवर जे पुस्तक काढलं, त्यात हे सगळं आहे. आयेचा पगार मासिक. हा महिन्याचा ठोक पगार आपल्या वरच्या वर्गानं तिथून उचलला, असं आम्हाला वाटतं. ठोक पगारात कामाची हद्द मालक ठरवतो. याचं टोक पाहायचं असेल तर लंडनला जा. बोटीवर मुलं सांभाळायला म्हणून आया इंग्लंडला नेल्या जात. बंदरात उतरलं, मुलं आजीकडे पोचली, की काहींचं काम संपलं आणि परतीच्या तिकिटाचं कुणी बोललेलंच नसे. अशा अडकलेल्या आयांसाठी लंडनमध्ये वसतिगृह होतं, हॅकनी भागात. २०२२ साली त्या घरावर स्मरणफलक लागला. तिकीट एकाच बाजूचं होतं का, हे मुंबईत विचारायचं राहून गेलं, एवढीच बाब. पण त्यापायी बाई परक्या मुलखात अडकून पडली.

याच काळात मुंबईत कष्टकरी बायकांची स्वतःची मुलं कोण सांभाळत होतं? गिरणीत जाणाऱ्या आया बाळाला अफूची गोळी, बाळगोळी, देऊन झोपवत. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारनं नेमलेल्या डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंच्या पाहणीनं हे चव्हाट्यावर आणलं. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, देशातला पहिला. तो गिरणीतल्या बाईसाठी होता. दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याचं मूल सांभाळणाऱ्या बाईच्या बाळंतपणाचा विचार त्यात नव्हता.

आता जवळ येऊ. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला. वस्त्यांतल्या बायका एकत्र आल्या, मोर्चे निघाले आणि लाल निशाण पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या मदतीनं पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आजारी पडलं तरी खाडा धरायचा, चार दिवस आली नाही म्हणून काढून टाकायचं, या रागातून हे पेटलं. पुढे हक्काची रजा, दिवाळीचा बोनस हे सगळं बोलणीत आलं. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनं त्या चळवळीची सगळ्यात मोठी करणी म्हणजे दरपत्रक. कामागणिक दर आणि घरातली माणसं किती त्यावर दर. बाईनं दारात उभं राहून "माणसं किती?" विचारायचं, आणि ते विचारण्यात काही उद्धटपणा नाही, हे त्या कागदानं पुण्याच्या मध्यमवर्गाला शिकवलं.

दरपत्रकात धुणं, भांडी, केर-फरशी, पोळ्या ही कामं नेमकी बसतात, कारण ती करून बाई पुढच्या घरी जाते. मूल सांभाळणारी पुढच्या घरी जात नाही. तिचा दिवस एकाच घराला विकलेला. त्यामुळे तिला पाच घरांची तुलना करता येत नाही, जिन्यात दुसरीला विचारता येत नाही, एक घर सोडलं तरी चार हातात आहेत असा जोर तिच्याकडे नसतो. शिवाय तिला मुलं 'मावशी' म्हणतात. 'मावशी' हा शब्द फार गोड आहे. पण मावशीनं भाच्याचे पैसे मागितले असं आपण कधी ऐकलंय का? पाळणाघरातल्या काकूंना मागता येतात, कारण घर त्यांचं आहे आणि बहुधा त्या आपल्याच थरातल्या आहेत. त्यांना 'काकू' म्हणताना आपण बरोबरीचं नातं जोडतो. बाईंना 'मावशी' म्हणताना नातं जोडतो, बरोबरी नाही.

आणखी एक जुनी चाल इथे आडवी येते. सुईणीला पूर्वी लुगडं, खण, नारळ देत. मुलगा झाला तर जरा जास्त. आज बारशाला बाईंना साडी देतात, वर पाचशे-हजाराचं पाकीट. द्यावी, जरूर द्यावी. पण ती दिली म्हणजे पगाराचं काम झालं, असं जे घरातल्यांना वाटतं, तिथे सुईणीच्या लुगड्याचा इतिहास बोलत असतो. आणि त्याच आठवड्यात त्याच घरात बाळ-बाळंतिणीच्या मालिशीला बाई येते. ती बाळाचं वेगळं आणि बाळंतिणीचं वेगळं सांगते, चाळीस दिवसांचं ठरवते आणि तिला कुणी हूं की चूं करत नाही.

कायद्याकडे पाहू. महाराष्ट्रानं २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तो कल्याणाचा कायदा आहे, पगाराचा दर तो ठरवत नाही. त्यात बाळंतपणाचा लाभ आहे आणि तो दोन अपत्यांपुरता. म्हणजे सांभाळणाऱ्या बाईची मुलं कायद्यानं मोजली. ती ज्यांची मुलं सांभाळते त्यांची मुलं कुणी मोजली नाहीत. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. कामाचं स्वरूप, तास, मोबदला आधी स्पष्ट सांगितले पाहिजेत, असं तो म्हणतो. भारतानं बाजूनं मत दिलं, पण अजून तो करार स्वीकारलेला नाही.

कर्नाटकानं मात्र एक काम केलं, त्याचं आम्हाला कौतुक आहे. २००४ साली त्यांनी घरकामाला किमान वेतन लावलं, त्यात मूल सांभाळण्याचंही नाव घेतलं, आणि चार माणसांचं कुटुंब हे माप धरून सांगितलं, की कुटुंब त्याहून मोठं असेल तर दहा टक्के जास्त. 'माणशी' पहिल्यांदा सरकारी कागदावर आलं. पण त्यातली खोच पाहा. आई, बाप, आजी आणि एक मूल, असं चार माणसांचं घर. पाचवं माणूस म्हणून आजोबा राहायला आले, तर दहा टक्के. पाचवं माणूस म्हणून तान्हं बाळ आलं, तरी दहाच टक्के. आजोबांचं एक ताट वाढतं. तान्ह्या बाळानं अख्खा दिवस बदलतो. अ‍ॅरिस्टॉटलनं न्यायाबद्दल बोलताना लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा दाखला दिलाय. दगडाच्या आकाराप्रमाणे वाकणारी पट्टी. दहा टक्क्यांची पट्टी लोखंडी आहे.

मग न्याय्य वाढ किती? तुम्ही म्हणाल, प्रोफेसर इतिहासात लपले. नाही, हिशेबच मांडू. एक कल्पित उदाहरण घ्या. बाई सकाळी आठ ते संध्याकाळी सहा येतात, दहा तास. मोठं मूल तीन वर्षांचं, तीन तास बालवाडीत जातं. पगार समजा १२,००० रुपये. आत्तापर्यंत बाईंच्या अंगावर मुलाचे तास किती? सात. उरलेल्या तीन तासांत त्या मुलाचे कपडे, डबे, स्वतःचं जेवण, जरा पाठ टेकणं उरकतात. आता बाळ आलं आणि आई कामावर परत गेली. बाळाचे दहा तास, मोठ्याचे सात. सतरा. घरातले म्हणतात, "तास तर तेच आहेत ना?" घड्याळाचे तेच आहेत. पाळणाघराच्या मापानं सातचे सतरा झाले, दुपटीहून जास्त.

दुप्पट पगार द्यावा असं आम्ही म्हणत नाही. बाईंचा दिवस आधीच विकलेला आहे, त्या वेळेत दुसरं घर करता आलं असतं असं नाही. बाळ निम्मा वेळ झोपतं. जागा, दूध, खेळणी घरातल्यांची. पाळणाघराची फी तशीच्या तशी लावता येणार नाही. पण दहा टक्के म्हणजे १,२००. त्या तीन मोकळ्या तासांची किंमतसुद्धा त्यात निघत नाही. आमच्या मते दोन पायऱ्या कराव्यात. बाळ घरी येईल त्या महिन्यापासून पाव वाढ, म्हणजे १५,०००. आई कामावर जाईल त्या दिवसापासून मूळ पगाराच्या दीडपट, १८,०००. पहिल्या पायरीला लोक आडवे येतात: आईला २६ आठवडे रजा आहे, ती घरीच आहे, बाईंचं काम उलट कमी झालं! ज्यांनी घरात दुसरं बाळ पाहिलंय त्यांना विचारा. आई बाळापाशी अडकलेली असते आणि थोरलं रुसलेलं, चिकटलेलं, अंथरूण ओलं करायला लागलेलं मूल पूर्णपणे बाईंच्या कडेवर असतं. रात्री थांबायला सांगितलं, तर तो हिशेब अगदीच वेगळा, तो यात मिसळायचा नाही.

आणि दरसालची महागाईची वाढ यात मिसळायची नाही. "यंदा वाढवले ना हजार?" हे वाक्य फार ऐकू येतं. ते हजार तेलाचे आणि घरभाड्याचे होते. बाळाचे वेगळे. थोरला पुढे पूर्ण दिवस शाळेत जायला लागला म्हणून पगार खाली आणायचा, असंही करू नये. धाकटा तोवर चालायला लागलेला असतो आणि चालणारं मूल म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

बोलायचं कधी? सातव्या महिन्यात. बाळ आल्यावर बोलणी करणं म्हणजे दोघांनाही अवघड. आधी बोललं, की बाईंनाही ठरवता येतं: इतक्या पैशांत दोन मुलं घ्यायची की दुसरं काम बघायचं. त्यांच्या घरी आपल्याला न दिसणारी मुलं असतात, त्यांना कुणीतरी सांभाळत असतं आणि त्या कुणालातरी त्याही काही देत असतात.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: "जुळी झाली तर?" छान प्रश्न. जुळ्यांसाठी बाई शोधायला ब्युरोकडे जा. पहिल्या फोनवरच ते विचारतात, "एक बाळ की दोन?" आणि दोन म्हटलं की वेगळा दर सांगतात. घरातले कुरकुरतात, पण मान्य करतात. आता पाहा, जुळी आणि पाठोपाठची दोन भावंडं यांत बाईंच्या कामाचा फरक एवढा मोठा नाही. तीन वर्षांचं आणि तान्हं यांच्या वेळा एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून काही वेळा दुसरंच जड जातं. फरक इतकाच, की जुळ्यांच्या वेळी बाई अजून दाराबाहेर उभ्या असतात, त्यांना नाही म्हणता येतं, आणि दुसऱ्या बाळाच्या वेळी त्या तीन वर्षांपासून घरात असतात आणि मूल त्यांच्या मांडीवर झोपलेलं असतं.